ताटावरचा हात

तो आजारी नव्हता. हे आधी लिहून टाकतो, बाकीचं नंतर.

गेल्या महिन्यात बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात त्याची शोकसभा झाली. पन्नास-साठ माणसं होती. आमचे अध्यक्ष माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत, त्यांनी जे ऐकलं होतं तेच ते बोलले. म्हणाले, "असाध्य दुखणं तीस वर्षं अंगावर वागवत हा माणूस हसत राहिला. कुणाला त्याने कळू दिलं नाही." लोकांनी माना हलवल्या. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मी तिसऱ्या रांगेत होतो. ते दुखणं त्या सभागृहात कुठून आलं, हे सांगू शकणारा मी एकटा होतो, आणि मी उठलो नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून मला पटकन उठता येत नाही, असं मी घरी येताना रिक्षात स्वतःला सांगत होतो.

त्याचं नाव लिहीत नाही. मंडळात ते सगळ्यांना माहीत आहे.

आम्ही दोघं बाजव्याच्या बाजूला रसायनांच्या एका कारखान्यात होतो. मी स्टोअरमध्ये, तो गोण्या भरण्याच्या विभागात. तिथे पन्नास किलोची गोण काट्यावर चढायची, शिवली जायची, ट्रकमध्ये जायची. काटा त्याच्या ताब्यात. गुजराती मंडळी त्याला 'कांटावाळा साहेब' म्हणत. त्याचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते, हे तो नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचा, आणि पुढे म्हणायचा, "त्यांनी घोडे सांभाळले, मी गोण्या सांभाळतो. घोडे निदान हलतात तरी."

कुठल्याच काट्यावर त्याचा विश्वास नसे. सकाळी आल्यावर पहिलं काम, काटा रिकामा ठेवून शून्य बघायचं. निजामपुऱ्यात भाजी घेतानासुद्धा तो भाजीवालीला म्हणायचा, "बेन, आधी पारडं मोकळं करा, मग वांगी टाका." ती बाई त्याला लांबून येताना बघितलं की स्वतःच पारडं उलटं करून दाखवायची. बारशाला गेला की बाळ दोन्ही हातांवर घेऊन सांगायचा, "साडेतीन. फार तर शंभर ग्रॅम इकडेतिकडे." आयांना ते आवडत नसे. नजर लागेल म्हणून त्याच्या हातातून बाळ काढून घेत. त्याला मात्र दर वेळी वाटायचं की आपण कौतुक केलं.

चव्वेचाळिसाव्या वर्षी एका दुपारी मशीन बंद पडलं होतं, तेव्हा तो स्वतः गोण्यांच्या काट्यावर उभा राहिला. मला हाक मारून बोलावलं.

"वाच."

"एकशे चार," मी म्हणालो.

"म्हणजे दोन गोण्या आणि वर चार किलो. अरे, एक गोण उचलायची तर हमाल लागतो. मी दोन घेऊन रोज तीन मजले चढतो, आणि पगार एका माणसाचा."

आम्ही हसलो. मीही त्या वेळी नव्वदीच्या पुढे होतो, त्यामुळे मला जास्तच हसू आलं. मला वाटलं, उद्यापासून हा काकडी खाईल, आठ दिवसांनी सोडून देईल. आमच्या विभागात असं दर पाडव्याला कोणीतरी करायचं.

त्याने महिनाभर काहीच केलं नाही. पूर्वीसारखाच जेवत राहिला, फक्त बघत राहिला. "आधी शून्य बघायला पाहिजे," म्हणाला. महिन्याने त्याने मला त्याचा शोध सांगितला: "घरच्या जेवणाने मी जाड झालेलो नाही. उभ्याने खाल्लेल्याने झालोय." कामावरून आलं की डब्यातली मूठभर शेव. लेकीच्या ताटात राहिलेली अर्धी पोळी. फ्रीज उघडला की बोटभर श्रीखंड. शेजारून आलेला प्रसाद, दारातच. हे सगळं तो जेवणात धरतच नव्हता. म्हणून त्याचा पहिला नियम एवढाच झाला की खायचं ते बसून, ताटलीत घेऊन. काहीही खा, पण बसून. तीन महिने दुसरा नियम नाही. शेंगदाणे खायचे असले तरी ताटली काढायची, पाट नाहीतर खुर्ची घ्यायची, बसायचं. "निम्म्या वेळा ताटली काढायचाच कंटाळा येतो," तो म्हणाला. "आळशी माणसाला याहून सोपा उपाय नाही."

दुसरा नियम ऐकून त्याच्या घरात रडारड झाली. त्याने उपास सोडले. सोमवार, चतुर्थी, एकादशी, तिन्ही. त्याचं म्हणणं, उपासाच्या दिवशी त्याच्या पोटात साबुदाण्याची खिचडी, तळलेले पापड, शेंगदाण्याचा लाडू आणि रताळ्याचा कीस जातो, तेवढं तो एरवी दोन दिवसांत खात नाही. वहिनी, म्हणजे त्याची बायको, मला म्हणाली, "भावजी, तुम्ही समजवा हो. घरात कर्ता माणूस सोमवारी भाकरी खातो, बरं दिसतं का?" मी समजावलं. तो म्हणाला, "देवाला मी सांगितलंय. त्याची काही तक्रार नाही. माझं वजन त्यानेही बघितलंय." उपास सोडून बारीक झालेला माणूस मी आयुष्यात हा एकच पाहिला.

मग चहातली साखर. ती त्याने एकदम बंद केली नाही. महिन्याला पाव चमचा कमी. कॅन्टीनच्या महाराजाला तो रोज बजावायचा आणि महाराज रोज वैतागायचा: "साहेब, आटली ओछी खांड? आ चा नथी, दवा छे!" चहा नाही, औषध आहे हे. तो म्हणायचा, "महाराज, तीन महिन्यांनी तुमचा गोड चहा मला बासुंदी लागेल, बघा." तसंच झालं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि ती अंगवळणी पडेपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही, ही त्याची सगळी विद्या. दर शनिवारी सकाळी त्याच काट्यावर, त्याच कपड्यांत, शून्य बघून. आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकोनात. आकडा वाढला तर चेहरा तसाच, कमी झाला तरी तसाच. "एका आकड्याला काय अर्थ आहे? दहा आकडे ओळीने लावले की रस्ता दिसतो."

आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी तो सेव-उसळ खायचा. तीसुद्धा अशी तशी नाही. तर्री वरून मागून, चार पाव, कांदा, लिंबू, कपाळावर घाम. मी विचारलं, "हे कसं चालतं रे?" म्हणाला, "हे चाललं नाही तर बाकीचं सगळं बंद पडेल. मला बारीक होऊन मरायचं नाही, बारीक होऊन सेव-उसळ खायची आहे."

तीन वर्षांत तो एकशे चारचा बहात्तर झाला. आणि तिथे थांबला.

खरा त्रास तिथून पुढे सुरू झाला. जाड माणसाला आपल्यात कोणी काही विचारत नाही. बारीक झालेल्या माणसाला मात्र सगळे विचारतात. "वाळलात हो!" "घरी सगळं ठीक ना?" महाराज तर रोज, "साहेब, मांदा छो के शुं?" आजारी आहात की काय? तो सगळ्यांना एकच उत्तर द्यायचा, "काही नाही, कमी खातो." हे उत्तर कोणाला पटायचं नाही. कमी खाऊन कोणी बारीक होतं यावर आपला विश्वासच नाही. तो मला म्हणाला होता, "उतरवणं अवघड नव्हतं रे. लोक टिकवू देत नाहीत."

लोकांत पहिला मीच.

मंडळात जेवण वाढायला उभा राहिलो की माझा हात धरणारा कोणी नव्हता. आग्रह करावा तर मी. शपथा घालायचो, रुसायचो, पाहुण्याच्या ताटात नको नको म्हणताना दोन पुऱ्या टाकून पुढे सरकायचो. त्यात मला मोठा अभिमान होता. आणि हा माणूस पोट भरलं की उजवा हात ताटावर पालथा ठेवायचा. "बस, झालं," एवढंच. हात हलायचा नाही. घरी माझी बायको म्हणायची, "बघा त्यांच्याकडे, आणि बघा स्वतःकडे." हे ऐकून मी आणखी एक पोळी घ्यायचो.

माझ्या धाकट्या मुलाची मुंज होती. पंगतीत मी श्रीखंड घेऊन फिरत होतो. त्याच्यापुढे आलो. हात ताटावर.

"आज माझ्या घरचं कार्य आहे. हात काढ."

"छान झालंय. दोन वेळा घेतलं. बस."

"माझी शपथ आहे तुला."

"शपथ तुझी, पोट माझं," तो हसून म्हणाला. आजूबाजूचे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता डावभर श्रीखंड त्याच्या पालथ्या हातावर घातलं.

पंगत खदाखदा हसली. तो हसला नाही, रागावलाही नाही. उठला, नळावर हात धुतला, परत येऊन बसला आणि राहिलेला ताकभात खाल्ला. मला त्याने सगळ्यांसमोर थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं. त्याच्या त्या शांतपणाने माझा अपमान झाला, असं मला वाटलं. मीच त्याचा अपमान केला होता हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मुंजीनंतर दोन आठवड्यांनी एक गृहस्थ निजामपुऱ्यात माझ्या घरी आले. त्याच्या मुलीला एक स्थळ आलं होतं. मुलगा बडोद्याचाच, रेल्वेत, आणि हे मुलाचे मामा. आपल्यात रीत आहे, लग्न ठरण्याआधी मुलीच्या घराची चौकशी घरच्यांकडे न करता वडिलांच्या जवळच्या माणसाकडे करायची. जवळचा माणूस म्हणून त्यानेच माझं नाव दिलं होतं.

मुलगी कशी, आई कशी, सगळं विचारून झालं. मी भरभरून सांगितलं. मग चहाचा कप खाली ठेवून मामा म्हणाले, "वडिलांची तब्येत फार उतरलेली दिसली. काही दुखणं वगैरे?"

मला नाही म्हणता आलं असतं. 'हो, कमी खातो तो, लहरी आहे,' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी क्षणभर गप्प राहिलो. त्या गप्प राहण्यात मला मजा वाटली, हेही आज लिहायला हवं. मग मी म्हणालो, "आता तुम्ही विचारलंत म्हणून. दुखण्याबद्दल मलाही तो काही सांगत नाही बुवा. विचारलं की हसतो. पण शंभराच्या पुढचा माणूस बहात्तरवर येतो, तो काय उगीच?"

यातला एकही शब्द खोटा नव्हता. पुढे पुष्कळ वर्षं मी याच आधारावर झोपलो.

चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आधीच जुळलेली होती. पुढच्या वर्षभरात आणखी दोन स्थळं अशीच गेली. बडोद्यात मराठी घरं किती आणि त्यात लग्नाच्या मुलांची किती? बातमीला लांब जावं लागत नाही. एका मावशीने वहिनींना शेवटी खरं सांगितलं. लोक म्हणतात, ह्यांना आतून काहीतरी आहे, लपवतात. मुलीचा बाप आज आहे, उद्या नाही. आणि ते दुखणं मुलीच्या रक्तात नसेल कशावरून?

तो ते मला सांगायला आला. मलाच. पहिल्यांदा हसत होता. "ऐकलंस का? मला टीबी आहे. दुसरा म्हणतो कॅन्सर आहे. दोघांनी आपसात ठरवलं तर बरं." मग हसणं थांबलं. "पण पोरीचं काय करू? मी काय केलं असेल, तर जेवण कमी केलं. त्याची शिक्षा तिला?"

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "लोकांचं काय मनावर घेतोस."

त्याने डॉक्टरकडून सर्टिफिकेट आणलं. रक्त, छाती, सगळं तपासून, प्रकृती उत्तम असल्याचं. वहिनींनी विचारलं, "आता हे दाखवणार कुणाला? दारावर लावणार?" तरी त्याने ते एका मुलाच्या वडिलांना दाखवलं. त्यांनी नीट वाचून परत दिलं, आणि बाहेर म्हणाले, काही नव्हतं तर काढलं कशाला?

मग तो गणपती आला. मंडळात शेवटच्या दिवशी महाप्रसाद, मठ्ठा आणि जिलबी. अलकापुरीतलं एक मराठी कुटुंब त्याने मुद्दाम बोलावलं होतं. मुलगा नुकताच नोकरीला लागला होता. मुलाचे आई-वडील समोरच्या पंगतीत बसले, बरोबर त्याच्यासमोर. जिलबीचं ताट माझ्या हातात होतं. त्याच्यापुढे आलो आणि सवयीने त्याचा हात शोधला. हात ताटावर नव्हता. मांडीवर होता.

"वाढ," तो म्हणाला.

मी दोन वाढल्या.

"अरे, हात आखडता कशाला घेतोस? वाढ की." आवाज मोठा होता. समोरच्या पंगतीला ऐकू जाईल असा.

मी आणखी दोन घातल्या. त्याने खाल्ल्या. माझी दुसरी फेरी आली. "ये, ये. आज मी मोकळा आहे." समोरचे वडील बघत होते. शेजारचा कोणीतरी म्हणाला, "वा, आज आमचे साहेब फॉर्मात!" त्याने अकरा जिलब्या खाल्ल्या. आठवी-नववी खाताना तो मठ्ठ्याच्या घोटाने गिळत होता. कपाळावर घाम होता, पण तो सेव-उसळीचा घाम नव्हता. त्या पंगतीत तो कशासाठी खातो आहे हे जाणणारे आम्ही दोघंच होतो, आणि त्याला ते का करावं लागतं आहे हे जाणणारा मी एकटा. मी वाढत राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा तो मला नाही म्हणत नव्हता.

जेवण झाल्यावर नळापाशी त्याने हात धुतला आणि पाइपाला धरून वाकून उभा राहिला. मी जवळ गेलो.

"बघितलं का रे त्यांनी?" त्याने विचारलं.

"बघितलं."

"किती खाल्ल्या, मोजल्या असतील का?"

अलकापुरीतल्या त्या घरून काही उत्तर आलं नाही. पण तो थांबला नाही. दीड वर्ष प्रत्येक लग्नात, बारशात, सत्यनारायणाला तो चारचौघांत भरपूर जेवला. बहात्तरचा सत्त्याऐंशी झाला. लोक म्हणाले, जरा अंग धरलंय आता. शेवटी मुलीचं लग्न जमलं ते नाशिकला. तिथपर्यंत आमच्या मंडळाची बातमी पोचली नव्हती. मुलीला बडोदं सोडायचं नव्हतं. इथे शाळेत शिकवायला लागली होती, नोकरी आवडत होती. ती सोडून गेली.

लग्नानंतरच्या शनिवारी तो पुन्हा काट्यावर उभा राहिला. मी तिथे होतो. आकडा बघून म्हणाला, "पहिल्या वेळी हे किती लांब आहे ते माहीत नव्हतं. आता माहीत आहे, एवढाच फरक." आणि पहिल्या नियमापासून सुरुवात केली. बसून खायचं, तीन महिने, दुसरं काही नाही. या वेळी चार वर्षं लागली. गुडघे तेवढे कायमचे दुखू लागले. नंतर मरेपर्यंत, म्हणजे पंचवीसहून जास्त वर्षं, तो बहात्तर ते चौऱ्याहत्तरच्या बाहेर गेला नाही. आजारी माणसाचं वजन पंचवीस वर्षं असं एका जागी उभं राहत नाही, हे शोकसभेत कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही?

पुढे मला साखर निघाली. रिपोर्ट वाईट होता. माझ्या बायकोने त्याला फोन केला. तो संध्याकाळी आला, माझ्याबरोबर जेवायला बसला आणि म्हणाला, "डॉक्टरांच्या गोळ्या चुकवू नकोस. आणि आजपासून भात एकदाच. बाकी काही बदलू नको. लाडू खायचा तर खा, पण बसून. तीन महिन्यांनी येतो." तीन महिन्यांनी आला. मग दुसरं एक सांगितलं. असा तो दोन वर्षं येत राहिला. मी अठरा किलो उतरलो. लोक मला म्हणायचे, "वाळलात हो!" तेव्हा तो शेजारी असला तर खळखळून हसायचा.

त्या दोन वर्षांत एकदा मी बोलायला गेलो. "तुझ्या पोरीचं ते पहिलं स्थळ मोडलं ना..." एवढंच म्हणालो. तो भाजी वाढून घेत होता. म्हणाला, "जाऊ दे रे. कोणीतरी काहीतरी बोललं असेल. त्यालाही आता आठवत नसेल." मी पुढे बोललो नाही. मला आठवत होतं.

सात वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. तो एक्क्याऐंशीव्या वर्षी, सकाळचा बिनसाखरेचा चहा पिऊन, खुर्चीतच गेला.

शोकसभेनंतर तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. मुलगी नाशिकहून आलेली होती, घर आवरत होती. तीही आता पन्नाशी ओलांडलेली. मी सगळं सांगितलं. मामा आले, काय विचारलं, मी काय बोललो, अगदी शब्दाला शब्द. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातातला डबा तिने खाली ठेवला नाही.

म्हणाली, "म्हणजे बाबा खरं सांगत होते."

"हो."

"मी प्रत्येक सुट्टीत यायची, आणि ते फिरायला गेले की त्यांचं कपाट शोधायची. गोळ्यांची पाकिटं, रिपोर्ट, काहीतरी सापडेल म्हणून. काही सापडलं नाही, तर मला वाटायचं, किती बेमालूम लपवतात. नाशिकला नेऊन मी त्यांच्या घशात नळी घालायला लावली, काका. दोनदा. ते म्हणायचे, तुला बरं वाटत असेल तर घाल बाई. शेवटच्या फोनवरसुद्धा मी म्हटलं, बाबा, आता तरी खरं सांगा. म्हणाले, काही नाही ग, कमी खातो."

तिने डब्याचं झाकण काढलं, परत लावलं.

"आणि आई. आई आठवड्यातून तीन उपास करायची, त्यांच्या दुखण्यासाठी. शेवटी अंगात ताकद नव्हती तरी. बाबांना कधी सांगितलं नाही तिने, कशासाठी करते ते. ते तिला म्हणायचे, अग जेव ग, आणि ती म्हणायची, तुम्ही तुमचं बघा." ती थांबली. "ती असताना यायचं ना तुम्ही. सात वर्षं झाली तिला जाऊन. त्याच्या आधी किती वर्षं होती तुमच्याकडे?"

मी क्षमा मागितली नाही. तोंडाशी आली होती, पण ती मागितली असती तर काहीतरी उत्तर देणं तिला भाग पडलं असतं.

"काका, तुम्ही आता जा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिच्या वडिलांसारखाच.

मी काठी घेतली, उठलो. दाराबाहेर चपला घालायला मला वेळ लागतो. एक घातली, दुसरी पायाने शोधत होतो, तेवढ्यात ती दारात आली.

"एक विचारू? तुम्ही रोज डबा खायला त्यांच्याबरोबर असायचात. वीस वर्षं." ती जरा अडखळली. "ते उपाशी तर राहत नव्हते ना? म्हणजे, भूक मारून?"

"नाही ग," मी म्हणालो. "पोटभर जेवायचे. रोज. आणि चवीने. माझ्याहून जास्त चवीने."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खरं बोलतो आहे की नाही हे ती माझ्या चेहऱ्यावर शोधत होती, आणि तिला ते ठरवता येत नव्हतं. मग तिने हळूच दार लावून घेतलं.

ते मी खरं सांगितलं होतं. तिला ते पटावं, आणि मंडळालाही, म्हणून हे लिहून देतो आहे.